जुने विद्यार्थी, नवे शिक्षक : दिल्लीच्या बॉटनीची गोष्ट

बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा विभाग सुरू होतो, तिथे एका शास्त्रज्ञाचे चित्र आणि छोटासा परिचय आहे. पंचानन माहेश्वरी, १९०४ ते १९६६. नीटच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला खोली घेऊन राहणारी मुले हे पुस्तक ओळ न् ओळ पाठ करतात. त्यामुळे महाराष्ट्रातल्या लहान लहान गावांतून आलेल्या कितीतरी मुलांच्या नजरेखालून हे नाव जाते. दिल्ली विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग या माणसाने संशोधनाचे मोठे केंद्र बनवला, अशी त्यांची ओळख करून दिलेली असते. ती खरी आहे. पण विभाग बनवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे परिचयाच्या चार ओळींत मावत नाही. इमारत सरकारी पैशातून उभी राहते, पगार अनुदानातून येतो, पदवी विद्यापीठ देते. विभाग मात्र घडतो तो शिकवायला कोण आले, त्यांच्या हाताखाली कोण तयार झाले आणि तयार झालेल्यांपैकी कोण परत आले यावर. दिल्लीच्या बॉटनीत या तिन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

दिल्ली विद्यापीठाची स्थापना १९२२ची. सुरुवातीची बरीच वर्षे ते मोजक्या कॉलेजांचे लहान विद्यापीठ होते. १९३८ मध्ये सर मॉरिस ग्वायर कुलगुरू झाले. ते फेडरल कोर्टाचे पहिले सरन्यायाधीश, पेशाने कायदेपंडित. पण विद्यापीठाला मोठे करायचे तर आधी मोठी माणसे आणली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. भौतिकशास्त्रात दौलतसिंह कोठारी आधीपासून होते. अर्थशास्त्रात व्ही. के. आर. व्ही. राव होते. रसायनशास्त्रासाठी १९४९ मध्ये आंध्र विद्यापीठातून टी. आर. शेषाद्री आले आणि त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रासाठी ढाक्याहून पंचानन माहेश्वरी आले. फाळणीला दोन वर्षे झाली होती. १९३९ पासून ज्या ढाका विद्यापीठात माहेश्वरींनी विभाग सांभाळला, ते शहर आता दुसऱ्या देशात होते. वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडामांड सुरू केली.

माहेश्वरी मूळचे जयपूरचे. शिक्षण अलाहाबादच्या युइंग ख्रिश्चन कॉलेजात झाले. तिथे विनफिल्ड डजन नावाचे अमेरिकन मिशनरी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवत. भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेचे पहिले अध्यक्ष तेच. माहेश्वरींवर त्यांचा फार जीव होता. शिक्षण संपल्यावर माहेश्वरींनी विचारले की मी तुमच्यासाठी काय करू. तेव्हा डजन म्हणाले की मी तुझ्यासाठी जे केले, ते तू तुझ्या विद्यार्थ्यांसाठी कर. ही हकीकत माहेश्वरींच्या शिष्यांनी अनेकदा सांगितली आहे आणि ती दरवेळी सांगावीशी वाटते याचे कारण उघड आहे. माहेश्वरींनी ते अक्षरशः पाळले. आग्रा कॉलेजात ते तरुण शिक्षक होते तेव्हा ब्रिजमोहन जोहरी त्यांचे विद्यार्थी झाले. पुढे दिल्लीत विभाग उभा करताना हेच जोहरी त्यांचे उजवे हात झाले. १९५३ मध्ये म्हैसूरकडचे एच. वाय. मोहन राम हे आग्र्याहून एमएस्सी करून दिल्लीला आले आणि शिकवता शिकवता माहेश्वरींच्या मार्गदर्शनाखाली पीएचडीचे काम करू लागले. एन. एस. रंगस्वामी, एस. पी. भटनागर, एस. एस. भोजवानी, के. आर. शिवण्णा ही पुढची नावेही अशीच जमत गेली. कुणी दक्षिणेतून आले, कुणी उत्तर प्रदेशातून, कुणी फाळणीत उखडलेल्या घरांतून. विद्यार्थी म्हणून आले आणि त्यातले बरेच जण त्याच मजल्यांवर शिक्षक म्हणून उभे राहिले.

या विभागाचे मूळ काम होते सपुष्प वनस्पतींचे भ्रूणविज्ञान. फूल फुलल्यापासून बी होईपर्यंत आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, काय काय घडते हे पाहायचे. हे काम कसे चालते ते सांगितल्याशिवाय या लोकांची चिकाटी कळणार नाही. कळ्या वेगवेगळ्या वयाच्या असाव्या लागतात, म्हणून एकाच झाडाकडे दिवसाच्या ठरलेल्या वेळी परत परत जावे लागते. खुडलेली कळी लगेच फॉर्मॅलिन, ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात टाकायची. मग टप्प्याटप्प्याने तिच्यातले पाणी काढून वितळलेल्या पॅराफिन मेणात ती बसवायची. मेणाची वडी मायक्रोटोमवर लावली की पात्याखालून दहाएक मायक्रॉन जाडीचे काप एकामागे एक चिकटून फितीसारखे बाहेर येतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फीत काचपट्टीवर ओळीने मांडायची, सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीनने रंगवायची, आणि सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावून जे दिसते ते कागदावर उतरवायचे. एका फुलाची पूर्ण कथा जुळवायला अशा शेकडो पट्ट्या लागत. एक टप्पा हातचा गेला तर पुढच्या वर्षीच्या मोसमापर्यंत थांबायचे.

इतके करून मिळते काय? एक उदाहरण आपल्या उपवासाच्या ताटातले आहे. शिंगाडा, म्हणजे ट्रापा, पूर्वी ओनाग्रेसी या कुळात घालत. ओनाग्रेसीच्या वनस्पतींत भ्रूणकोशात, म्हणजे बीजांडाच्या आत जिथे भ्रूण घडतो त्या पिशवीत, चारच केंद्रके असतात, हे त्या कुळाचे फार पक्के लक्षण आहे. शिंगाड्याच्या भ्रूणकोशात मात्र इतर बहुसंख्य वनस्पतींप्रमाणे आठ केंद्रके सापडतात. पाने, फुले बाहेरून कितीही सारखी दिसोत, आतली ही साक्ष टाळता येत नाही. शिंगाड्याला वेगळे काढण्यामागे भ्रूणविज्ञानाचा हा पुरावा मोलाचा ठरला. वनस्पतींची नाती ठरवताना भ्रूणविज्ञानाची लक्षणे वापरावीत, हा माहेश्वरींचा आग्रह होता आणि त्यासाठी ते हयातभर झटले. १९५० मध्ये मॅकग्रॉ-हिलने त्यांचे सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचे पुस्तक काढले आणि ते जगभर या विषयाचे पाठ्यपुस्तक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी वनस्पती आकारविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था दिल्लीत स्थापन केली आणि 'फायटोमॉर्फॉलॉजी' हे नियतकालिक सुरू केले. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या एका विभागातून जगातल्या शास्त्रज्ञांचे लेख तपासून, छापून जगाला पाठवले जात होते. माहेश्वरी इंग्रजीच्या बाबतीत अतिशय काटेकोर होते. विद्यार्थ्यांचे लेख ते शब्दन् शब्द तपासत. या सवयीचा फायदा पुढच्या पिढीला झाला. दिल्लीच्या शिष्यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांच्या भाषेत आणि आकृत्यांत तो काटेकोरपणा दिसतो.

जोहरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बांडगुळांच्या कुळावर केलेले काम मला विशेष आवडते. आंब्यावर, सुबाभळीवर वाढणारे बांडगूळ शेतकरी छाटून टाकतो. पण त्याच्या फुलाच्या आत जे घडते ते वनस्पतिसृष्टीत दुर्मीळ आहे. सामान्यतः बीजांडाच्या आत भ्रूणकोश जागच्या जागी थांबतो आणि परागनलिका वरून खाली त्याच्यापर्यंत येते. बांडगुळांच्या कुळात स्पष्ट असे बीजांडच नसते आणि भ्रूणकोश अंडाशय सोडून कुक्षीवृंतात वर वर वाढत जातो. काही जातींत तर तो थेट कुक्षीपर्यंत पोचतो. माहेश्वरी, जोहरी आणि दीक्षित यांनी १९५७ मध्ये या कुळाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. गुरू, त्यांचा जुना विद्यार्थी आणि त्या विद्यार्थ्याचा तरुण सहकारी अशी तीन नावे एका लेखावर आहेत. विभागाची रचनाच त्यात दिसते.

काप काढून पाहणे म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची नोंद घेणे. १९५०च्या दशकात माहेश्वरींना त्यापुढे जायचे होते. भ्रूणाची वाढ हवी तेव्हा, हवी तशी घडवून पाहायची, तर फुलाचे भाग झाडापासून तोडून काचेच्या नळीत, निर्जंतुक माध्यमावर वाढवायला हवेत. ज्या माणसाची सगळी कीर्ती मेणाच्या वड्या आणि काचपट्ट्यांवर उभी होती, त्याने पन्नाशीत आपल्या विभागाची दिशा अशी वळवली. या निर्णयाला मी माहेश्वरींच्या कारकिर्दीतला सर्वात मोठा निर्णय मानतो. नव्या कामाला जी माणसे लागली ती त्यांनी बाहेरून मागवली नाहीत. विद्यार्थ्यांनाच नवे काम शिकायला लावले आणि स्वतःही त्यांच्याबरोबर शिकले. १९५८ मध्ये निर्मला माहेश्वरी यांनी अफूच्या फुलातून काढलेली बीजांडे नळीत वाढवल्याचा लेख 'सायन्स'मध्ये आला. रंगस्वामींनी लिंबाच्या वर्गातल्या झाडांच्या बीजांडातल्या ऊतींपासून भ्रूण मिळवले. १९६१च्या डिसेंबरात ऊतिसंवर्धनावर, म्हणजे टिश्यू कल्चरवर, दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला.

१९६२ मध्ये कुसुम कांता, रंगस्वामी आणि माहेश्वरी यांचा लेख 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अफूच्या अंडाशयाची भिंत काढून आतली बीजांडे त्यांनी उघडी केली आणि पोषक माध्यमावर ठेवली. त्या बीजांडांवरच परागकण टाकले. कुक्षी नाही, कुक्षीवृंत नाही. परागनलिका फुटल्या, बीजांडांत शिरल्या, फलन झाले, आणि नळीतच रुजण्याजोगे बी तयार झाले. परीक्षानळीत घडवलेले हे सपुष्प वनस्पतीचे फलन होते. माणसाचे परीक्षानळीतले पहिले मूल १९७८ मध्ये जन्मले. त्याच्या सोळा वर्षे आधीची ही गोष्ट. हिचा उपयोग काय, असा प्रश्न विचारणाऱ्याला शिवण्णा आणि रंगस्वामींच्या १९६७च्या कामात उत्तर मिळते. पेटुनियाच्या काही रोपांची कुक्षी स्वतःच्याच परागांना रोखते, त्यामुळे स्वपरागणातून बी धरत नाही. कुक्षी वगळून पराग थेट बीजांडांजवळ पोचवले की तो अडथळा ओलांडता येतो. दोन जातींचा संकर निसर्गात ज्या दारावर अडतो, ते दार टाळून जाण्याची ही वाट होती.

त्यानंतर धोतऱ्याचे काम झाले. शिप्रा गुहा यांचा जन्म कलकत्त्याचा, शाळा मुंबई आणि दिल्लीत. दिल्ली विद्यापीठातच त्या बीएस्सी, एमएस्सी झाल्या आणि जोहरींच्या हाताखाली कांद्याच्या अंडाशयाच्या संवर्धनावर पीएचडी केली. मग त्या सतीशचंद्र माहेश्वरींबरोबर काम करू लागल्या. सतीशचंद्र हे पंचाननांचे चिरंजीव, याच विभागाचे विद्यार्थी आणि आता शिक्षक. दोघांना परागकोशातल्या पेशींचे अर्धसूत्री विभाजन कसे चालते ते अभ्यासायचे होते. धोतऱ्याचे कोवळे परागकोश त्यांनी माध्यमावर ठेवले. माध्यमांत निरनिराळी द्रव्ये घालून पाहिली, त्यांत नारळाचे पाणीही होते. काही आठवड्यांनी काही परागकोश फुटून त्यांतून भ्रूणासारखे अंकुर बाहेर आलेले दिसले आणि त्यांची रोपे होऊ लागली. ही रोपे परागकोशाच्या भिंतीतून आली की परागकणांतून, हा कळीचा प्रश्न होता. धोतऱ्याच्या नेहमीच्या पेशीत २४ गुणसूत्रे असतात. परागकणात त्याच्या निम्मी, १२. रोपांच्या पेशींत १२ निघाली. परागकण, ज्याचे काम नलिका होऊन संपायचे, त्यानेच रोप घडवले होते. पहिले टिपण 'नेचर'मध्ये १९६४ साली आले आणि १९६६च्या लेखाने परागकणापासूनच भ्रूण तयार होतो हे पक्के केले.

वनस्पती पैदास करणाऱ्यांना याचे मोल लगेच कळले. नवे वाण शुद्ध करायचे तर संकराची पुढची पिढी, तिची पुढची, अशी सात-आठ पिढ्यांची स्वपरागणे करावी लागतात. असे निम्म्या गुणसूत्रांचे, म्हणजे एकगुणित, रोप हाती आले आणि कोल्चिसिन या रसायनाने त्याची गुणसूत्रे दुप्पट केली की शुद्ध वाण एका टप्प्यात मिळते. फ्रान्समध्ये नित्श आणि बुर्जिन यांनी १९६७ मध्ये तंबाखूची एकगुणित झाडे केली. १९६८ मध्ये जपानमध्ये भाताची झाली. चीनने या पद्धतीने गहू आणि भाताची वाणे शेतापर्यंत नेली. दिल्लीत शोध लागला आणि त्याचे सर्वाधिक पीक परदेशात निघाले, ही खंत मनातून जात नाही. मला वाटते, याचे कारण प्रयोगशाळेत नव्हते. पुसा इथली कृषी संशोधन संस्था आणि विद्यापीठाचा बॉटनी विभाग एकाच शहरात होते. पण परागकोशातून रोप काढणारा आणि शेतात वाण निवडणारा असे दोघे एका कामाला जुंपण्याची व्यवस्था आपण तेव्हा पुरेशी उभी केली नाही.

१९६३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या विभागाला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. १९६५ मध्ये माहेश्वरी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि पुढच्याच वर्षी, १८ मे १९६६ रोजी, ते गेले. वय ६१. एकाच माणसाभोवती उभे राहिलेले विभाग अशा वेळी कोलमडतात. इथे जोहरी विभागप्रमुख झाले आणि काम चालत राहिले. रंगस्वामी, मोहन राम, सतीशचंद्र, भटनागर, भोजवानी, शिवण्णा हे सगळे स्वतःचे विद्यार्थी घडवत गेले.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे. आपल्याच विद्यार्थ्यांना आपल्याच विभागात नेमत गेले तर विभाग बंदिस्त होतो. तेच विषय, तीच तंत्रे, तीच मते वर्षानुवर्षे फिरत राहतात. भारतातल्या कितीतरी विभागांचे असे झाले आहे आणि दिल्लीच्या बॉटनीलाही हा धोका होताच. भ्रूणविज्ञानाचे वर्णनात्मक काम जगात मागे पडत होते, रेणवीय जीवशास्त्र पुढे येत होते. विभाग त्यातून तरला याचे श्रेय मी एका गोष्टीला देतो : तिथले जुने विद्यार्थी नुसतेच राहिले नाहीत, कुणी बाहेर जाऊन वेगळे शिकून परतले, कुणी दुसरीकडे गेले, कुणी विषयच बदलला. मोहन राम १९५८ ते १९६० कॉर्नेलला एफ. सी. स्टुअर्ड यांच्याकडे होते. गाजराच्या पेशींपासून रोप घडवणारे हे स्टुअर्ड. परतल्यावर मोहन राम यांनी भांगेच्या झाडांत नर-मादी फुले रसायनांनी बदलता येतात का यावर काम केले, बांबूवर केले, आणि पोडोस्टेमेसी कुळातल्या वनस्पतींवर वर्षानुवर्षे केले. या कुळातल्या वनस्पती सह्याद्रीतल्या वेगवान ओढ्यांच्या खडकांना चिकटून वाढतात. पाणी ओसरले की पटकन फुलतात. एका पावसाळी ओढ्यातली ही वनस्पती दिल्लीच्या काचनळीत वाढवणे सोपे नव्हते. शिप्रा गुहा-मुखर्जी दिल्ली विद्यापीठातून जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेल्या आणि तिथल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या गुरू झाल्या. सतीशचंद्रांनी तर स्वतःचा विषयच बदलला. डबक्यावर तरंगणाऱ्या वुल्फिया आणि लेम्ना या इवल्याशा वनस्पती नळीत फुलवता फुलवता ते प्रकाश आणि तो ओळखणाऱ्या फायटोक्रोम या वनस्पतींतल्या द्रव्याकडे वळले आणि तिथून रेणवीय जीवशास्त्राकडे. विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसमध्ये १९८०च्या दशकात वनस्पतींच्या रेणवीय जीवशास्त्राचे जे केंद्र उभे राहिले, ते त्यांच्या धडपडीतून. बापाने भ्रूणविज्ञानाचा विभाग उभा केला, मुलाने त्याच विद्यापीठात दुसऱ्या टोकाला नव्या विषयाचा.

या विभागाशी महाराष्ट्राचा सर्वात जवळचा संबंध पुस्तकांतून आला आहे. भोजवानी आणि भटनागर यांचे सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरचे पुस्तक १९७४ मध्ये आले आणि बीएस्सी-एमएस्सीच्या बॉटनीत ते आजही संदर्भाला घेतले जाते. त्यातल्या आकृत्या वहीत उतरवून विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या पदवीधर झाल्या. भोजवानी आणि राजदान यांचे ऊतिसंवर्धनावरचे १९८३चे पुस्तक प्रयोगशाळेत हाताशी असते. जोहरींनी १९९२ मध्ये स्प्रिंगरतर्फे काढलेल्या तौलनिक भ्रूणविज्ञानाच्या जाडजूड ग्रंथावर त्यांच्याबरोबर के. बी. अंबेगावकर आणि पी. एस. श्रीवास्तव ही नावे आहेत. जोहरी तेव्हा ऐंशी ओलांडून गेले होते. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी सगळ्या कुळांची माहिती एकत्र आणली. जगभर विखुरलेल्या शेकडो लेखांतले निष्कर्ष ताडून एका जागी मांडणे हे वर्षानुवर्षांचे काम असते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. जगन्नाथन आणि ए. एफ. मस्कारेन्हस यांनी ऊतिसंवर्धनाची वेगळी आणि समर्थ परंपरा उभी केली. तिथेच रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी १९९० मध्ये बांबूला काचनळीतच फुले आणि बी आणून दाखवले. काही बांबू कित्येक दशकांतून एकदाच फुलतात आणि मरतात, त्यामुळे त्यांचा संकर करणे जवळजवळ अशक्य असते. 'नेचर'मध्ये तो शोध आला तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. आज जळगावचा शेतकरी टिश्यू कल्चरची केळी लावतो, तेव्हा त्या रोपामागे जगभरच्या अनेक प्रयोगशाळांचे श्रम असतात. भारतात हे काम हातांना शिकवणाऱ्या जागांत दिल्लीचा तो विभाग आणि पुण्याची ती प्रयोगशाळा दोन्ही येतात.

आपल्या विद्यापीठांकडे पाहताना दोन गोष्टी मला बेचैन करतात. पहिली नेमणुकांची. महाराष्ट्रात कॉलेजांतल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण त्या भरून काढतात. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत काहीच नाही, पुढच्या वर्षी राहू की नाही याची खात्री नाही. या अवस्थेत कुणी एखाद्या झाडाच्या कळ्या तीन मोसम गोळा करील, असे मानणे अन्यायाचे आहे. माहेश्वरींच्या विभागात तरुण शिक्षकाला पहिल्या दिवसापासून विषय, मार्गदर्शक आणि स्थिर जागा मिळाली. मोहन राम चोविशीच्या आत लेक्चरर झाले. दुसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांची. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण असतात, म्हणून प्रत्येक कॉलेजात माजी विद्यार्थी संघ नोंदवलेला असतो. वर्षातून एक मेळावा होतो, फोटो निघतात, देणगीची पावती फायलीत लागते. मेळावे व्हावेतच. पण माजी विद्यार्थ्याकडून पैशाच्या आधी मागावे असे बरेच आहे. बीज प्रक्रिया कंपनीत गेलेल्याने वर्षातून चार दिवस येऊन प्रयोगशाळेत निर्जंतुक काम कसे करतात ते दाखवावे. वनखात्यात गेलेल्याने मुलांना घेऊन डोंगर चढावा. परदेशात संशोधन करणाऱ्याने एका मुलीच्या प्रबंधाचा मसुदा शब्दन् शब्द तपासून द्यावा. विभागाने ते मागायला मात्र हवे. ज्याने आपल्याला घडवले त्या विभागाला काही द्यावे ही इच्छा बहुतेकांच्या मनात असते. नेमके काय द्यायचे ते कुणी सांगत नाही.

दिल्लीत, साउथ कॅम्पसमध्ये, नव्या पिढीने सतीशचंद्रांचे काम पुढे नेले आहे. सतीशचंद्रांचे शिष्य सुधीर सोपोरी धोतऱ्याच्या परागकोशांवर काम करून पुढे गेले आणि २०११ मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अखिलेश त्यागीही सतीशचंद्रांकडेच तयार झाले. त्यांनी, जितेंद्र खुराना यांनी आणि परमजित खुराना यांनी आंतरराष्ट्रीय भात जनुकसंच प्रकल्पात भारताचा वाटा उचलला. भाताच्या अकराव्या गुणसूत्राच्या भागाचे वाचन दिल्लीत झाले आणि २००५ मध्ये पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. २०१२ मध्ये टोमॅटोचा झाला; त्यात पाचवे गुणसूत्र भारताकडे होते. याच आवारात दीपक पेंटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीचे डीएमएच-११ हे जनुकीय बदल केलेले संकरित वाण घडवले. २०२२ मध्ये त्याला पर्यावरणीय परवानगी मिळाली, पण वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२४ मध्ये न्यायमूर्तींची मते विभागली गेली. परागकोशाच्या बाबतीत जे झाले ते इथे होऊ नये, प्रयोगशाळा आणि शेत यांच्यातला प्रश्न पुराव्याच्या आधारे सुटावा, असे मनापासून वाटते.

बॉटनी विभागातल्याच सी. आर. बाबूंनी निवडलेली वाट वेगळी आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाला बरोबर घेऊन त्यांनी वजिराबादजवळ यमुनेच्या पूरमैदानात आणि वसंत विहारजवळच्या अभ्रकाच्या जुन्या खाणींत जैवविविधता उद्याने उभी केली. यमुनेकाठची जमीन खारावलेली होती, खाणीत तर माती धुऊन गेलेला खडक उरला होता. कोणते गवत आधी लावायचे, कोणती झुडपे त्यानंतर, अरवलीतल्या मूळ जंगलात कोणते झाड कोणाच्या शेजारी वाढते, हे सगळे वनस्पतिशास्त्राच्या ज्ञानावर ठरले. तरुण शास्त्रज्ञ तिथे नोकरीला आहेत. ते रोपवाटिका सांभाळतात, पक्ष्यांची आणि फुलपाखरांची नोंद ठेवतात आणि दिल्लीच्या शाळांतल्या मुलांच्या तुकड्यांना घेऊन पायवाटांवर फिरतात.